शिकाऱ्याची दुर्बीण आणि हलकी तिवई : एक जुना हिशोब



गेल्या महिन्याभरात तिघाजणांनी फोनवर एकच गोष्ट विचारली. दुर्बीण घेतलीय, उसातला बिबट्या आणि मक्यातली डुकरं लांबून बघायला बरी पडते, पण हात थरथरतो. तर खाली लावायला स्टँड कुठला घ्यावा? मोबाईलवर शोधलं की जे हलके स्टँड दिसतात त्यावर लिहिलेलं असतं, शिकारीच्या दुर्बिणीसाठी. आपल्याकडे तर शिकार कायद्यानं बंद. मग हा शिकाऱ्याचा स्टँड आपल्या काय कामाचा?

कामाचा आहे. पण कुठला घ्यायचा हे समजायचं तर ही वस्तू कुठून कशी आली ते बघावं लागतं. मी राहतो दिंडोशीला, आरे आणि नॅशनल पार्कच्या कडेला. या गोष्टीचे बरेच धागे आमच्या डोंगराभोवतीच सापडतात, म्हणून आज थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे तीन पाय आपल्याला नवे नाहीत. खळ्यावर धान्य वारवताना बाप्या माणूस ज्या उंच घडवंचीवर उभा राहायचा तिला कुठं वावडी म्हणतात, कुठं तिवई. चुलीला दगड तीनच. कारण साधं आहे. चार पायांची बाज उंचसखल जागी टाकली की एक पाय अधांतरी राहतो आणि ती डुगडुगते. तीन पाय कुठल्याही जमिनीवर टेकतातच. बांधावर, ढेकळात, कातळावर, कुठंही. हे गणित कुणी पुस्तकातून शिकवलं नाही, शेतकऱ्याला ते आधीपासून ठाऊक होतं.

यंत्राखाली हे तीन पाय आपल्या मुलखात ठळकपणे आले ते जमीन मोजणीच्या कामातून. १८०२ साली विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्यानं मद्रासला पाया आखून हिंदुस्थानची त्रिकोणी मोजणी सुरू केली. कोन मोजायचं त्याचं मोठं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाच्या घरात वजनाचं होतं. ते हलवायला डझनभर माणसं लागायची. १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं, आणि लॅम्बटननं ते पुन्हा स्वतःच्या हातानं सरळ करून कामाला लावलं. हा माणूस मोजणी करत करत उत्तरेला आला आणि १८२३ च्या जानेवारीत आपल्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारला. तिथं त्याची कबर आहे.

या गोष्टीत एक मुद्दा लक्षात ठेवायचा. यंत्र जड होतं याची साहेबाला फारशी अडचण नव्हती, कारण वाहणारे खांदे दुसऱ्याचे होते. ज्याला स्वतः वाहायचं नसतं त्याला वजन दिसत नाही. पुढचा सगळा इतिहास म्हणजे वजन हळूहळू वाहणाऱ्याच्या नजरेला पडत गेलं त्याची गोष्ट आहे.

आपल्या गावाला ओळखीचं झालं ते दुसरं यंत्र. १८३५ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी शेतवार मोजणी सुरू केली. तिथून पुढं मुंबई इलाख्यात साखळी फिरली. ३३ फुटांची साखळी, तिचा चौरस म्हणजे गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. हे आपल्या अंगवळणी पडलेलं माप तिथलंच. पुढं मोजणीदार प्लेन टेबल घेऊन यायला लागला. लाकडी फळा, खाली लाकडी तीन पाय, फळ्यावर कागद. माझ्या वयाच्या माणसांनी हा फळा बांधावर उभा राहिलेला बघितलाय. तो मोजणीदार किंवा त्याचा शिपाई खांद्यावर टाकून चालायचा, म्हणजे वजन आता एका माणसाच्या खांद्यावर आलं होतं. लाकूडच का, तर उन्हानं लोखंडासारखं वाढत नाही आणि हादरा लवकर जिरवतं. अजूनही कित्येक सर्व्हेवाले लाकडी पायच वापरतात ते याच कारणानं.

आता शिकारीकडे येऊ. आपल्याकडच्या शिकारीत तिवई नव्हती आणि तिची गरजही नव्हती. राजेरजवाडे आणि साहेब लोक हाका घालायचे. ढोल वाजवत माणसं रान उठवायची, जनावर मचाणाखाली यायचं आणि गोळी अगदी जवळून सुटायची. दाट रानात लांबचं दिसतच नाही, मग दुर्बीण रोखून बघणार काय? आमच्या या डोंगरातसुद्धा शिकार चालायची. मुंबईत वाघ होता म्हटलं की आज कुणी मानत नाही. पण बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे एस. एच. प्रेटर यांनी १९२९ साली सोसायटीच्या जर्नलमध्ये मुंबई आणि साष्टी बेटावरच्या वाघांबद्दल टिपण छापलं, ते विहार तलावाच्या बाजूला त्याच वर्षी वाघ मारला गेला तेव्हाचं. विहार तलाव आमच्या दिंडोशीच्या डोंगरापलीकडेच. आज तिथं वाघ नाही. पण वारली पाड्यांवर वाघोबाची ठाणी अजून आहेत आणि पूजाही चालते.

दुर्बीण टेकवून बघायची पद्धत उघड्या मुलखातून आली. स्कॉटलंडच्या बोडक्या डोंगरात हरणाची शिकार करणारे लोक पितळी नळीची दुर्बीण घेऊन तासन्‌तास समोरच्या उताराकडे बघत बसायचे. नळी लांब आणि ताकद जास्त, त्यामुळे हातात धरली तर चित्र नाचतं. मग हे लोक उताणे पडून नळी गुडघ्यावर टेकवायचे, नाहीतर हातातल्या काठीला लावून धरायचे. काठी हीच त्यांची तिवई. त्यातले दोन पाय माणसाचे स्वतःचे. १९०० साली बोअर युद्धासाठी लॉर्ड लोव्हाटनं अशाच शिकारी लोकांची एक पलटण उभी केली, लोव्हाट स्काउट्स. त्यांचं मुख्य काम लांबून बघणं हेच होतं. बंदुकीइतकीच किंमत डोळ्याला असते हे फौजेनं तिथं मान्य केलं.

तोवर दुर्बीणही बदलली होती. दुर्बीण हा शब्द फारसी, अर्थ दूर बघणारी. १८५४ साली इटलीच्या पोरोनं आत काचेचे लोलक बसवून नळी आखूड करायची युक्ती काढली आणि १८९४ पासून जर्मनीच्या झाइस कारखान्यानं दोन डोळ्यांची लोलकाची दुर्बीण विकायला काढली. लांब नळीचं काम गळ्यात अडकवता येईल एवढ्या वस्तूत होऊ लागलं. पण एक गोष्ट कुठल्याच कारखान्याला बदलता आली नाही. दुर्बीण आठपट असेल तर ती हाताचं कापणंही आठपट करून दाखवते. आठपटीपर्यंत बहुतेकांना हातात जमतं. दहापटीला थकवा येतो. त्यापुढं, म्हणजे वीसपट-तीसपट एका डोळ्याच्या नळीला, टेकू नसेल तर पैसे वाया.

स्थिर टेकूचं मोल काय असतं त्याचा सगळ्यात चांगला दाखला आपल्याच माणसाचा आहे, आणि तो शेतीचाच आहे. आमच्या शेजारची चित्रनगरी १९७७ साली उभी राहिली. तिला आज दादासाहेब फाळक्यांचं नाव आहे. फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. राजा हरिश्चंद्र हा बोलपट नव्हे, मूकपट, १९१३ चा. पण त्याच्या आधी त्यांनी एक छोटी फिल्म केली, अंकुराची वाढ. वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला, आणि रोज थोडं थोडं चित्र घेत कोंब वर येऊन वेल होईपर्यंतचा प्रवास पडद्यावर काही क्षणांत दाखवला. भांडवल देणाऱ्याला विश्वास पटवायला ही फिल्म उपयोगी पडली. आता विचार करा. इतक्या दिवसांत कॅमेरा एकदा बोटभर हलला असता तर पडद्यावर वेल उडी मारताना दिसला असता. वाटाण्याची वाढ दिसली ती जागचं न हललेल्या कॅमेऱ्यामुळे.

बंदूक खाली ठेवून दुर्बीण हातात घ्यायची वाट मात्र शिकाऱ्यांनीच काढली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली मुंबईत सुरू झाली. तिच्या जुन्या अंकांत शिकारीची टिपणं भरपूर आहेत. सालिम अली लहान असताना मामांनी दिलेल्या छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी मारली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका बघून ती कुठली हे विचारायला ते सोसायटीत गेले, आणि तिथून त्यांचं आयुष्यच बदललं. पुढंही अभ्यासासाठी त्यांनी पक्षी मारले, तो त्या काळचा रिवाज होता. पण १९३० साली किहीमला सुगरणीची घरटी बघताना त्यांनी जे मिळवलं ते बंदुकीनं मिळणारं नव्हतं. ते बसून, न हलता, रोज बघून मिळालं. उत्तरेत वनखात्यातल्या एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघाच्या वाटेवर तार लावून रात्री कॅमेरा चालवला आणि १९२७ साली त्या फोटोंचं पुस्तक काढलं. आज रानात झाडाला बांधलेले जे कॅमेरे दिसतात त्यांचा आजा तो.

मग कायदा आला. आधी मुंबई राज्याचा १९५१ चा वन्यप्राणी-पक्षी संरक्षणाचा, नंतर १९७२ चा देशाचा. १९७२ म्हटलं की आपल्याला दुष्काळ आठवतो, पण वन्यजीव कायदाही त्याच वर्षीचा. १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची हौसेची शिकारही उरली नाही. बंदूक गेली, दुर्बीण राहिली. परदेशात शिकाऱ्यांसाठी बनणारी हलकी तिवई आपल्याकडे आता राखणदाराच्या कामाची झाली, ती अशी.

आणि राखण म्हणजे काय याचा धडा आमच्या भागानं फार महाग देऊन घेतलाय. २००४ साली नॅशनल पार्कच्या कडेनं बिबट्यांनी माणसं मारली. लहान पोरं गेली. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना आकडे सांगून काही उपयोग नसतो. लोकांची मागणी एकच, पिंजरा लावा आणि लांब नेऊन सोडा. ते स्वाभाविक होतं. पण जुन्नर वनविभागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या तेव्हा उलटं चित्र दिसलं. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होते. बिबटे पकडून दुसरीकडे सोडायचं काम वाढल्यावर २००१ ते २००३ मध्ये ते वर्षाला सरासरी १७ झाले. अनोळखी जागी सोडलेलं जनावर बिथरतं, परत फिरतं आणि माणसाच्या वाटेत येतं. हे कळलं ते कुणीतरी शांतपणे बघितलं आणि लिहून ठेवलं म्हणून.

२०१५ साली निकित सुर्वे यांनी नॅशनल पार्क, आरे आणि आसपास वाटांच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे बांधून गणती केली. दोन बाजूंना का, तर बिबट्याच्या डाव्या-उजव्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात आणि दोन्ही मिळाले की जनावर नक्की ओळखता येतं. ३५ बिबटे मोजले गेले. त्यातले काही वस्तीला लागून फिरत होते आणि लोकांना त्याचा पत्ताही नव्हता. बिबट्या दिसला की आरडाओरडा, दगड, पाठलाग, यातून माणूस आणि जनावर दोघांनाही इजा होते. तोच बिबट्या दोनशे पावलांवरून दुर्बिणीतून दहा मिनिटं बघता आला तर कळतं की तो कुठल्या ओढ्यानं येतो, किती वाजता येतो, बरोबर पिल्लं आहेत का. ऊसतोडीच्या आधी हे ठाऊक असलं तर तोडणीच्या टोळीला सावध करता येतं, वनखात्याला आधी कळवता येतं, आणि पिल्लं फडात असतील तर मायेला त्यांना घेऊन जायला वाव मिळतो. दहा मिनिटं हात न थरथरता बघायचं म्हणजे तिवई पाहिजेच.

आता वजनाचं. १९९४ साली गिट्झो या फ्रेंच नावाच्या कंपनीनं कार्बन धाग्याच्या पायांची तिवई काढली. त्याआधी लाकूड आणि ॲल्युमिनियम. कार्बनच्या नळीचा माल घनतेला पाण्याच्या दीडपटीपेक्षा थोडा जास्त, ॲल्युमिनियम २.७ पट, पोलाद पावणेआठ पट. साधारण माणसाच्या उंचीची ॲल्युमिनियमची बरी तिवई दोन-अडीच किलोची असते, कार्बनची सव्वा ते पावणेदोन किलोची. फरक किलोभराचा. आमच्यासारखा डोंगर चढायचा असेल तर तो किलो जाणवतो. घरापासून बांधापर्यंत दोनशे पावलं चालायचं असेल तर त्या किलोसाठी तिप्पट पैसे कशाला मोजायचे? लॅम्बटनचा हिशोब इथं उलटा लावायचा. वाहणार कोण आणि किती लांब, हे आधी ठरवा. मग धातू ठरवा.

हलकं म्हणजे बारीक नव्हे, हे फार महत्त्वाचं. बाजारात सगळ्यात हलके स्टँड पेन्सिलीसारख्या पायांचे असतात आणि वाऱ्यानं थरथरतात. वजन तेवढंच ठेवून नळी २२ मिलीमीटरऐवजी २८ ची, पातळ पत्र्याची केली तर तिचा ताठपणा दीडपटीहून जास्त वाढतो. बांबू पोकळ का असतो ते यात आलं. पायाचे टप्पे जितके कमी तितकं बरं. तीन टप्प्यांचा पाय चार-पाच टप्प्यांच्या पायापेक्षा घट्ट, कारण शेवटचा टप्पा नेहमी सगळ्यात बारीक असतो आणि प्रत्येक जोड थोडा हलतो. मधला दांडा वर खेचून उंची वाढवू नका. तो वर काढला की तीन पायांच्या डोक्यावर एक पाय उभा केल्यासारखं होतं.

वजन कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय मात्र कुठल्या कारखान्याचा नाही. खाली बसा. त्याच नळीची लांबी अर्धी झाली की तिचा वाक आठव्या हिश्श्यावर येतो. उभ्यानं बघायला जी तिवई डुगडुगते तीच बसून बघायला दगडासारखी होते. शिवाय बसलेला माणूस जनावराला कमी दिसतो. तिवई आखूड म्हणून हलकी, आणि आखूड म्हणूनच घट्ट. स्कॉटलंडचे ते लोक उताणे पडून बघायचे ते आळसानं नव्हे. वारा असेल तर मधल्या हुकाला दगडांची पिशवी टांगा. दगड शेतात मिळतात, घरून वाहून न्यायचे नसतात.

दोन बारीक गोष्टी, दुकानात गेल्यावर उपयोगाच्या. फोटोच्या स्टँडवरचा स्क्रू पाव इंची, इंचाला २० आट्यांचा असतो. बहुतेक मोठ्या दुर्बिणींच्या पुढच्या बिजागरीत टोपणाखाली तेवढ्याच मापाचं भोक असतं, त्यात बसणारा काटकोनी अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. भंगारात डम्पी लेव्हलचा जुना स्टँड मिळाला तर तो मजबूत असतो, पण त्याचा स्क्रू पाच अष्टमांश इंची, म्हणजे बराच जाड. लेथवाल्याकडून मधला तुकडा करून घ्यावा लागेल. दुसरं, तिवई घेताना दुर्बीणही बघा. ८ बाय ४२ ची दुर्बीण डोळ्यात सव्वापाच मिलीमीटरचा उजेडाचा गोल टाकते, १० बाय २५ ची फक्त अडीचचा. बिबट्या आणि डुकरं निघतात संध्याकाळी. त्या वेळी छोट्या दुर्बिणीतून अंधारच दिसणार, मग खाली सोन्याची तिवई लावली तरी.

ज्यांना खर्च करायचा नाही त्यांच्यासाठी दोन गावठी उपाय. छातीइतके तीन वाळलेले बांबू वरच्या टोकाशी सैलसर बांधून फाकवा, खाचेत दुर्बीण ठेवा. किंवा जुन्या पँटच्या पायात भाताचा तूस भरून पिशवी शिवा, बांधाच्या दगडावर ठेवा, वर दुर्बीण दाबून बसवा. वजन किलोच्या आत. आठपट, दहापटीला एवढं पुरतं. वीसपट नळी घ्याल तेव्हाच चांगल्या तिवईचा विचार करा, आणि तेव्हा पैसे पायांच्या जाडीला द्या, नावाला नको.

शेवटचं. दुर्बीण आहे म्हणून जनावराच्या मागं रानात शिरू नका. रात्री बॅटरी मारून हुसकू नका. जंगलात विनापरवाना गेलात तर तो गुन्हा आहे. आपल्या बांधावर बसा, तारीख, वेळ, दिशा वहीत लिहा. नुकसानीचा पंचनामा करायला माणूस येतो तेव्हा डुकरं आली होती असं म्हणणं वेगळं आणि अमुक तारखेला, अमुक वाजता, पूर्वेच्या ओढ्यातून सात आली असं वहीतून वाचून दाखवणं वेगळं. फोन दुर्बिणीच्या काचेला लावून काढलेला एक न हललेला फोटो त्या वहीत असेल तर आणखी चांगलं.

तुमच्याकडे मोजणीचे जुने लाकडी पाय, वावडी असं काही पडून असेल तर चुलीत घालू नका. फोटो काढून पाठवा, कुठल्या लाकडाचं आहे आणि तुमच्या भागात त्याला काय म्हणतात तेही लिहा.